पिट्सबर्गचा जेरो आणि आपले सरदारजी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात के-पॉपवर सारखं काही ना काही असतं पण जपानच्या एन्का ह्या गाण्याच्या प्रकाराबद्दल ओळभर पण कधी दिसलं नाही, म्हणून हे पत्र. परवा यूट्यूबवर टाइमपास करताना जेरो नावाचा गायक सापडला. काळा पोरगा, तिरकी कॅप, ढगळे कपडे, मला वाटलं आता रॅप सुरू होणार, आणि पठ्ठ्याने असा काही विरहाचा सूर लावला की मी चहा विसरलो.

एन्का म्हणजे बंदर, दारू, थंडी आणि सोडून गेलेलं माणूस, शंभरातली नव्वद गाणी ह्याच्यावरच असावीत. पण खरा खेळ गळ्याचा. स्वर सरळ सोडायचाच नाही, ओळीच्या शेवटी हलवत, मुरकी घेत उतरवायचा, त्याला ते लोक कोबुशी म्हणतात. बऱ्याच चालींत म आणि नी गायब, ग ध कोमल, त्यामुळे आपल्या कानाला ते परकं वाटतच नाही.

जेरोचा जन्म 1981 चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. आजी जपानी, एन्काचं वेड तिच्याकडूनच आलं. कॉम्प्युटर शिकून जपानला गेला, 2008 मध्ये पहिलं गाणं 'उमियुकी' आलं ते थेट ओरिकॉनच्या, म्हणजे तिकडच्या गाण्यांच्या खपाच्या, यादीत चौथं, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला एनएचके ह्या टीव्ही वाहिनीच्या कोहाकु ह्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गायला, जो तिकडे अख्खा देश बघतो. आजीला तसा शब्द दिला होता म्हणे, पण ती 2005 लाच गेली.

आता वैताग कशाचा, तर ज्याला ऐकवावं तो आधी रंगावर आणि कपड्यांवर बोलतो, गळ्यावर कुणीच नाही. आपल्याकडेही गोरा माणूस दोन वाक्यं मराठी बोलला की व्हिडिओ फॉरवर्ड करत सुटतात, काय बोलला ते गेलं उडत! अरे कौतुक करायचं तर त्या कोबुशीचं करा ना, घरात लहानपणापासून ऐकून आलेली आहे ती.

आणि कहर म्हणजे जेरोच्या कितीतरी आधी, 1975 साली, सरबजितसिंग चढ्ढा नावाचे आपले पगडीवाले सरदारजी जपानात एन्का गाऊन गाजले होते! तिथला पहिला परदेशी एन्का गायक भारतीय, आणि इथे कुणाला पत्ता नाही. तर रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर अर्धं पान द्याच, के-पॉप एक आठवडा नसलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, डोंबिवली