काका, आभाराच्या पानावर नाव घालू नको म्हणालात, म्हणून हे इथे

काका, नाव घालू नको म्हणालात म्हणून प्रबंधात नाही घातलं, पण थँक्यू म्हणायचं राहू देणार नाही. ताई वाचून दाखवेल तुम्हाला.

प्रबंधातलं स्वीडनच्या मायडनर प्लॅनवरचं प्रकरण गाईडनी "बरंय" म्हणून सोडून दिलेलं. तुम्ही मात्र 'स्वीडनने लोकशाही समाजवाद करून दाखवला' ह्या माझ्या वाक्याखाली रेघ मारून विचारलंत, पेन्शन दिली, दवाखाने दिले, पण कारखाना कोणाचा राहिला रे?

तिथून सगळं प्रकरण परत लिहिलं. रुडॉल्फ मायडनर हा तिथल्या कामगार महासंघाचा अर्थतज्ज्ञ, त्याची योजना 1976 च्या अधिवेशनात मंजूर झाली, की मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या 20 टक्क्यांएवढे नवे शेअर कामगारांच्या फंडात टाकायचे, म्हणजे हळूहळू मालकीच तिकडे सरकणार. मग काय, 4 ऑक्टोबर 1983 ला स्टॉकहोममध्ये चक्क मालक लोकांचा मोर्चा निघाला, हजारोंनी! हे वाचताना तुम्ही काय हसत होतात. त्याच डिसेंबरात पाणी घालून पातळ केलेला कायदा पास झाला, आणि अर्थमंत्री फेल्ट संसदेत बसून ह्याच फंडांची टिंगल करणारी कविता खरडत होता, ती फोटोग्राफरने टिपली. 1991 नंतर उजव्या सरकारने फंडच गुंडाळले.

तुमचं म्हणणं क्रांतिवादी रोझा लक्झेंबर्गचं, सुधारणांनीच हळूहळू समाजवाद येईल म्हणणाऱ्या बर्नस्टाइनला तिने सुनावलं तेच, की नुसत्या सुधारणांनी भांडवलशाही जात नाही, मालकीला हात लावला की खरं कळतं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही हां. सामान्य स्वीडिश माणसालाच त्या फंडाचं फार प्रेम नव्हतं, मग काय रेटून न्यायचं? ह्यावर तुम्ही चिडाल वाटलं, तर म्हणालात, "का नव्हतं ते शोध की." शोधलं, तर शेअर जाणार सामूहिक फंडात, कंट्रोल युनियनकडे, एकेका कामगाराच्या हातात काहीच पडणार नव्हतं, त्याला ते आपलं वाटणार कसं? व्हायवात एक्स्टर्नल परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो.

विरुद्ध बाजूचा असून माझी बाजू पक्की करून देणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही. आता तुम्ही चिली काढणार, तिथला समाजवादी अध्यक्ष अयेंदे 1970 ला मतांवर निवडून आला आणि 1973 ला लष्कराने पाडला, ते मला माहितीये. रविवारी तयारी करून येतो, काकूंना चहा जास्त टाकायला सांगा.