कोरडी बोअर बुजवण्याआधी

महोदय, गेल्या रविवारच्या पुरवणीतला भूकवचाच्या उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञावरचा लेख वाचला, छान होता, पण सगळा भर भूकंपावरच दिलाय. ही उष्णता मोजायचं खरं काम दिसायला अगदी साधं आहे हो. बोअरमध्ये वायरला बांधून थर्मामीटर सोडायचा, दर काही मीटरवर तापमान लिहायचं, मग त्याच खडकाचा तुकडा लॅबमध्ये नेऊन त्यातून उष्णता किती वाहते ते मोजायचं, खोलीबरोबर तापमान किती वाढतं तो दर आणि खडकाचा हा आकडा, यांचा गुणाकार म्हणजे हीट फ्लो, म्हणजे जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णता. हे करायला भोक लागतं, आणि खोल भोक पाडायलाच खरा पैसा जातो. कोयनेला ३ किलोमीटरचं बोअर मारलं तेव्हा सव्वा किलोमीटर काळा दगड संपून खाली ग्रॅनाइट लागला.

आमच्या बेळगाव-खानापूर भागात भोकांना काय तोटा? मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतात ६०० फूट मारलं, आधी काळपट भुकटी, मग लालसर, पाण्याचा थेंब नाही, शेवटी वर फरशी ठेवून मोकळे झालो (पैसे गेले ते गेलेच). उथळ बोअर यात चालत नाही, ऋतूचा आणि पाण्याचा फरक पडतो, पण एवढी खोल असली तर उपयोगाची ठरू शकते. इथं तर दख्खनचा काळा दगड संपून जुना खडक सुरू होतो, म्हणजे जागाही मोक्याची. तेव्हा अशी बोअर बुजवायच्या आधी पंचायतीनं जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला एक फोन करावा.

– एक शेतकरी वाचक, खानापूर