सर, तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो तर बोलताच येईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. अभय अष्टेकरांसारखं गुरुत्वाकर्षणाच्या गणितात काम करायचं, हे तिनं मनाशी घेतलंय. सोलापुरातल्याच एका मार्गदर्शन केंद्रात हे बोललो, तर तिला सांगितलं, "बी.एड. कर, नोकरी तरी लागेल." आणि मला, "तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला यातलं काही कळायचं नाही." यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाकडून फी घ्यायला मात्र त्यांना अडचण आली नाही. आठवलं की अजून अंगाची लाही होते.

तुमच्या घरी आलो तेव्हाही मी दाराशीच उभा होतो. तुम्ही आत बोलावलंत, शेजारी बसवलंत.

अष्टेकर सरांचा प्रवास तुम्ही तिला ज्या पद्धतीनं सांगितलात, तो मला पाठ झालाय. 1949 साली शिरपूरला जन्म, 1974 साली शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. आणि 1986 साली ते मोठं काम. आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्यांनी अशा नव्या चलांत मांडली की ती पुष्कळ सुटसुटीत झाली. "पीएच.डी.नंतर बारा वर्षं गेली बाळ, घाई करू नकोस," असं तुम्ही म्हणालात. 2016 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड, 2018 सालचा आइनस्टाइन पुरस्कार, हे सगळे मान तुम्ही एका दमात सांगून टाकलेत. 1986वर मात्र चहा गार होईपर्यंत बोलत राहिलात.

आणि मग तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. पेन्सिल हातात दिलीत आणि म्हणालात, "ताणा-बाणा काढून दाखवा, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं." हात थरथरत होता, पण उभे-आडवे धागे काढले. तुम्ही पोरीला म्हणालात, "चादर लांबून सलग दिसते, जवळ गेलं की धागे दिसतात. अष्टेकर आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ रोव्हेली व स्मोलिन यांनी 1992 साली अवकाशाचं असंच विणकाम गणितात मांडलं." ती वीण इतकी बारीक, की मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर चौतीस शून्यं मांडावी लागतात. हे प्रयोगानं अजून सिद्ध झालेलं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

सर, उभा जन्म धोट्याच्या आवाजात गेला. माझ्या कामाचा आणि विश्वाच्या गणिताचा संबंध कुणी लावेल, तोही माझ्या लेकीसमोर, असं कधी वाटलं नव्हतं. घरी येताना ती रिक्षात मलाच विचारत होती, "बाबा, एक धागा तुटला तर वीण कशी सांभाळता?" आजवर तिनं माझ्या कामातलं काही विचारलं नव्हतं. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, पण समोरच्याला लहान न करता शिकवणारा माणूस क्वचित भेटतो. तुमच्यासारख्यांमुळेच आमच्या पोरींना पुढं जायचा धीर येतो.

ते पान फाडून तुम्ही तिला दिलंत. तिनं ते अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलंय. विश्वाच्या सुरुवातीला महास्फोटाऐवजी 'उसळी' असावी, म्हणजे आधीचं विश्व आकसून पुन्हा फुगलं असावं, असं दाखवणारं अष्टेकर सरांचं 2006 सालचं काम तिला आता समजून घ्यायचंय. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन आलो तर चालेल ना? मीही बसेन.

तुमचा ऋणी,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर