निवृत्तांना आराम नको, काम सांगा

महोदय,
‘रिटायर झालात, आता देवाचं नाव घ्या,’ असं लोक आपुलकीनेच सांगतात. मला मात्र ते पटत नाही. माझी सारी नोकरी पोस्टाच्या बचत खिडकीवर गेली. हल्ली सकाळी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेजवळ बसतो. वाड्यावस्त्यांवरून आलेल्यांना कुठल्या खोलीत जायचं ते सांगतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र काढून देतो. परवा एका आजींनी दोन्ही पाकिटांवर बोट ठेवून ‘ही उजाडताची, ही निजतानाची’ अशी तीनदा खात्री करून घेतली. पगाराच्या दिवसानेही मला कधी इतकं समाधान दिलं नव्हतं.

धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी! पंच्याहत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केलं. एवढा आवाका आमचा नाही, पण हातपाय धड आहेत, अक्षर वळणदार आहे.

आपल्या दैनिकाने दर आठवड्याला, कुठल्या शाळेला, दवाखान्याला, वाचनालयाला माणसं हवी आहेत, एवढं छापावं. माझ्यासारखे पुष्कळ जण निश्चित येतील.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, कराड