लफबरोहून दादा-वहिनींस

लफबरो, इंग्लंड
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत आपण फोनवर चांगला अर्धा तास बोललो, फराळाच्या डब्यांपासून वाईच्या ढोल्या गणपतीसमोरच्या गर्दीपर्यंत सगळी चौकशी झाली, आणि तरीही एक गोष्ट मी तुम्हांला सांगितली नाही. वहिनींनी "भावजी, आवाज बारीक का येतोय?" असे दोनदा विचारले, तेव्हा मी इथल्या थंडीवर ढकलून मोकळा झालो. ते खरे नव्हते. आता प्रकृती ठीक आहे म्हणूनच बसून सविस्तर लिहितो आहे; अर्धेमुर्धे कोणाकडून तरी कानावर जाण्यापेक्षा सगळे माझ्याकडूनच कळलेले बरे.

सप्टेंबरच्या मध्यावर एका मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला गेलो होतो. हा माझा छंद दादांना अजून पटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण लफबरो हे घंटांचेच गाव आहे. इथला टेलरांचा घंटांचा कारखाना १८३९ पासून चालू आहे, आणि २०१७ मध्ये लंडनचा व्हाइटचॅपलचा जुना कारखाना बंद पडल्यापासून एवढ्या मोठ्या घंटा ओतणारा ब्रिटनमध्ये दुसरा कोणी उरलेला नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली 'ग्रेट पॉल' ही साडेसोळा टनांहून जड घंटा १८८१ साली इथेच ओतली गेली आणि वाफेच्या इंजिनाने ओढत रस्त्याने लंडनला नेली. अशा गावात पंचवीस वर्षे राहायचे आणि दोर हातात धरायचा नाही, हे मला जमले नाही.

आपल्याकडे घंटा जागेवर असते आणि तिची जीभ हलते. इथे उलटे आहे. घंटा मोठ्या चाकाला जखडलेली असते, वाजवण्यापूर्वी ती तोंड वर करून उभी केलेली असते, आणि खालच्या खोलीतून दोर ओढला की ती पूर्ण फेरी मारून पुन्हा तोंड वर करून थांबते. दोराच्या एका भागावर लोकरीची जाड रंगीत मूठ असते. ती वर जाताना नेमक्या क्षणी सोडायची आणि खाली येताना नेमक्या क्षणी पकडायची, एवढीच खरी विद्या. गाणे असे काही वाजवत नाहीत. घंटांचा क्रम दर फेरीला ठरलेल्या नियमाने बदलत न्यायचा आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, आठांचे ४०,३२०. हे चाळीस हजारांचे गणित आठ माणसांनी १९६३ साली आमच्या गावच्या कारखान्याच्या मनोऱ्यात जवळजवळ अठरा तास एकही माणूस न बदलता पुरे केले होते. दादा, तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तर त्या मंगळवारी लोकरीची मूठ खाली आली आणि माझा डावा हात मिटलाच नाही. मी हाताकडे पाहत होतो, बोटे माझीच होती, आणि ती काही ऐकत नव्हती. दोर हातातून निसटून हवेत सापासारखा वळवळला. आमच्या म्होरक्याने सगळ्यांना थांबण्याचा हुकूम दिला, एकाने झडप घालून माझा दोर आवरला, आणि मी "काही नाही, मुंग्या आल्या" असे म्हणायला गेलो तर शब्द जाड होऊन बाहेर पडले. म्होरक्या शाळेतून निवृत्त झालेला माणूस. त्याने मला हसायला सांगितले, दोन्ही हात वर करायला सांगितले आणि तिथूनच रुग्णवाहिकेला फोन लावला. चेहरा, हात, वाणी, वेळ या चार गोष्टींची भित्तिपत्रके इथे जागोजागी लावलेली असतात. मी नगरसेवक असलेल्या इथल्या कौन्सिलच्या बोळातही एक आहे. मी त्याच्याखालून हजारदा गेलो असेन.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात पूर्ववत झाला होता, आणि खरे सांगायचे तर मला परत घरी जाण्याची घाई झाली होती. पण डॉक्टरांनी ॲस्पिरिन देऊन दुसऱ्याच दिवशी खास तपासणीला बोलावले. मेंदूचे एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, हृदयाचा आलेख, सगळे झाले. निदान 'टीआयए', म्हणजे मेंदूकडे जाणारे रक्त थोडा वेळ अडते आणि पुन्हा वाहू लागते. मागे खूण राहत नाही, पण अर्धांगाचा मोठा झटका येण्याची ती आगाऊ सूचना असते आणि पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. मानेच्या वाहिन्या ठीक निघाल्या. रक्तदाब मात्र १७८ वर होता आणि कोलेस्टेरॉलही वाढलेले. आता रोज रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी अटोरवास्टॅटिन आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. खर्च किती आला, हा दादांचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो: काहीही नाही. १९४८ पासून इथे तपासणी-उपचार सरकारी सेवेतून होतात, आणि साठी उलटल्यामुळे मला गोळ्यांचेही पैसे पडत नाहीत.

लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांना इथे दर पाच वर्षांनी फुकट तपासणीचे बोलावणे येते. माझे आलेले पत्र आठ महिने फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होते, आणि त्याच काळात मी वॉर्डातल्या लोकांना "तपासणीला जा" असे सांगणारी पत्रके घरोघरी टाकत होतो. हिने ते पत्र रुग्णालयातून आल्यावर काढून माझ्यापुढे ठेवले. एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

टीआयएनंतर एक महिना गाडी चालवायची नाही असा इथला नियम आहे. नगरसेवकाला हे अवघड जाते, कारण सभा संध्याकाळी, वॉर्ड पसरलेला आणि बस आठनंतर तुरळक. मी चालू लागलो. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितले म्हणून आणि नंतर चटक लागली म्हणून. पंचवीस वर्षांत जे रस्ते मी काचेआडून पाहिले, ते पहिल्यांदा पायाखाली आले.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे. सकाळी मी खिडकीशी चहा घेत बसलो होतो. समोरून एक तरुण बाई बाबागाडी ढकलत आली, आमच्या दारापाशी थांबली, मागे वळून वाहने येत नाहीत ना ते पाहिले, बाबागाडीची पुढची चाके उचलून रस्त्यावर उतरवली, चार पावले रस्त्यावरून चालली आणि पुन्हा फुटपाथवर चढली. ती कशाला वळसा घालते आहे हे पाहायला मी मान पुढे काढली, तर माझीच गाडी. दोन चाके रस्त्यावर, दोन फुटपाथवर, गेली पंधरा वर्षे जशी लावतो तशीच. मनाई होती म्हणून ती दहा दिवस तिथून हललीसुद्धा नव्हती. चहा तसाच राहिला.

फुटपाथवरच्या गाड्यांच्या तक्रारी माझ्याकडे दर महिन्याला येतात. लंडनमध्ये त्याला सरसकट बंदी आहे. बाहेरच्या इंग्लंडमध्ये तशी नाही, आणि रस्त्यांचे काम आमच्या बरो कौन्सिलचे नसून वरच्या काउंटी कौन्सिलचे आहे. आपल्याकडे नगरपालिका आणि जिल्हा परिषद, तसा काहीसा प्रकार समजा: कचरा, बांधकाम परवाने, उद्याने आणि कौन्सिलची घरे आमच्याकडे, तर रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल त्यांच्याकडे. त्यामुळे माझे उत्तर ठरलेले असे: "आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे." त्यात खोटे काहीच नव्हते. काठी घेऊन चालणाऱ्या एका आजींना मी हे वाक्य तीनदा लिहिले, हे मी जुनी पत्रे काढून मोजले. त्या आमच्याच गल्लीत राहतात. म्हणजे तक्रारीतल्या गाड्यांमध्ये माझीही होती आणि त्यांनी भिडेखातर नंबर लिहिला नव्हता.

मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली, तर त्यांनी आधी प्रकृती विचारली आणि मग म्हणाल्या, "तुम्ही चालताना दिसू लागलात तेव्हाच वाटलं, आता कळेल." आता गाडी मागच्या गल्लीत रीतसर जागेवर असते, दाराशी यायला पाच मिनिटे लागतात, आणि शेजारच्या चार घरांनीही न सांगता तसेच केले आहे. सहावा ऐकत नाही. त्याला काय म्हणावे हे मला कळत नाही, कारण परवापर्यंत मीही तोच होतो.

घंटा दोन महिने बंद होत्या. त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. वाजवणारा मनोऱ्याच्या पोटात असतो आणि तिथे आवाज मजल्यांतून गाळून, दबका येतो. त्यामुळे आमचे वादन गावाला कसे ऐकू जाते हे मला ठाऊकच नव्हते. ९ नोव्हेंबरला युद्धातल्या मृतांचा स्मरणदिन होता. त्या दिवशी घंटेच्या जिभेच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, म्हणजे एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा त्याच्या प्रतिध्वनीसारखा दुरून आल्यागत. मी क्वीन्स पार्ककडे पायी निघालो होतो आणि रस्त्यातच उभा राहून ऐकत राहिलो. पार्कातला कॅरिलन मनोरा, म्हणजे अनेक घंटांवर सुरावट वाजवायचा मनोरा, पहिल्या महायुद्धातल्या गावच्या मृतांसाठी १९२३ मध्ये उभारला. त्यात ४७ घंटा आहेत आणि सर्वांत मोठी घंटा कारखान्याच्या मालकाने युद्धात गेलेल्या आपल्या तीन पुतण्यांसाठी दिलेली आहे. आम्ही सगळे नगरसेवक रांगेत उभे होतो. मला मात्र आपल्या वाईजवळच्या मेणवलीची आठवण येत होती.

दादा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन त्या घाटावरच्या घंटेला हात लावू दिला होता, आठवते? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची ती पोर्तुगीजांची घंटा, त्यावर १७०७ हा आकडा आणि मांडीवर बाळ घेतलेली मेरी. तेव्हा मी "ही कुठली देवी?" असे विचारले होते आणि तुम्ही "देवीच, पण लांबची" असे म्हणाला होता. चर्चची घंटा आपल्या कृष्णेकाठी आणि कृष्णाकाठचा मी इथे चर्चमध्ये. हिशेब बरोबर झाला असे मी मनोऱ्यात सर्वांना सांगतो आणि दर वेळी तेच ते हसतात.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांच्या संमतीने मी पुन्हा दोर धरला. सर्वांत हलकी घंटा दिली आणि शेजारी एक जण उभा केला, लहान मुलाला सायकल शिकवतात तसा. हात मिटला.

गावची बातमी म्हणाल तर परवाच जत्रा होऊन गेली. १२ ते १५ नोव्हेंबर असे चार दिवस भर बाजारातले रस्ते बंद करून पाळणे लागतात. आठशे वर्षांची परंपरा सांगतात. मी फिरत्या कशातही बसलो नाही. मोठी बातमी अशी की आमचे कौन्सिलच राहणार नाही. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने बरो आणि काउंटी अशी दुहेरी व्यवस्था मोडून एकेरी कौन्सिले करायचे जाहीर केले. आमच्या भागासाठी तीन निरनिराळे नकाशे पुढे आले आहेत: काउंटी म्हणते सगळा जिल्हा एक करा, बरो कौन्सिले उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग मागतात, आणि लेस्टर शहराला आपली हद्द वाढवून हवी आहे. निर्णय लंडनहून यायचा आहे आणि २०२८ च्या एप्रिलपासून नवी व्यवस्था सुरू करायचा बेत आहे. म्हणजे १९७४ मध्ये जन्मलेल्या आमच्या या चार्नवूड बरोच्या शेवटच्या नगरसेवकांपैकी मी एक ठरेन. मला दुःख आहे, पण "रस्ते आमच्याकडे नाहीत" हे वाक्य त्याबरोबर जाणार असेल तर थोडे समाधानही आहे.

तुमच्याकडे मात्र उलट घडते आहे. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या पालिकांना २ डिसेंबरच्या मतदानानंतर नगरसेवक मिळतील आणि दादांना बखोट धरायला माणूस सापडेल. कोण उभे आहे, वाईत कोणाचे वारे आहे, ते सविस्तर कळवा. मी नव्या कौन्सिलासाठी उभे राहायचे की नाही हे ठरवलेले नाही. ही "नको" म्हणते. आजी म्हणतात, "उभे राहा, पण चालत या."

प्रवासाला डॉक्टरांची हरकत नाही, तेव्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे येतो. वहिनी, माझ्यासाठी मिठाचे लोणचे आणि पापड बाहेर काढू नका. तांदळाची भाकरी आणि पालेभाजी पुरे. मेणवलीला चालतच जाऊ, तीन किलोमीटर मला आता काहीच वाटत नाही.

एक काम करा. दादांनी "बरे वाटते आहे" म्हणून रक्तदाबाची गोळी मार्चपासून बंद केल्याचे वहिनींनीच मला सांगितले होते, आणि मी तेव्हा हसलो होतो. उद्या डॉक्टरांकडे जाऊन दाब मोजून घ्या आणि आकडा पत्रात लिहा. वरचा आणि खालचा, दोन्ही.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला धाकटा