‘बोला’ म्हणता, पण कोणाशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पुरुषांच्या मानसिक आरोग्यावर वरचेवर लेख येतात आणि मी ते शेवटपर्यंत वाचतो. जवळपास प्रत्येक लेख ‘पुरुषांनो, मोकळेपणाने बोला’ या सल्ल्यावर संपतो. सल्ला चांगलाच आहे. पण ज्याने बोलायचं ठरवलं त्याने दुसऱ्या दिवशी कुणाला फोन करायचा, समोरचा माणूस योग्य आहे की नाही हे कसं ओळखायचं, हे कुणी लिहीत नाही. मी अडलो होतो तो तिथेच, म्हणून हे पत्र.

माझं वय बावन्न. हिशेब तपासण्याचं काम करतो. वडील गेल्यावर मला रडू आलं नाही, उदासही वाटलं नाही. चिडचिड मात्र भयंकर वाढली. दार आपटल्याचा आवाज झाला तरी डोकं भणभणायचं. पहाटे जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचाच नाही. सुट्टीच्या दिवशीही मी कामाच्या फायली उघडून बसायचो. पुढे दाढा दुखायला लागल्या म्हणून दंतवैद्याकडे गेलो, तर त्यांनी हातात आरसा देऊन झिजून सपाट झालेल्या दाढा दाखवल्या आणि विचारलं, “झोपेत दात खाता का? कसला ताण आहे तुम्हाला?” तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

नैराश्य असंही असतं, हे मला नंतर कळलं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं खास प्रशिक्षण दिलं गेलं. त्यानंतर बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण मुख्यतः स्त्रियांच्या. पुरुषांच्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. त्यातले बहुतेक पुरुष मुळात डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नव्हते, आणि त्यांचं नैराश्य रडण्यातून नव्हे तर राग, दारू, बेफामपणा यांतून बाहेर पडत होतं. पुढे याच बेटाच्या नावाने पुरुषांच्या नैराश्यासाठी तेरा मुद्द्यांची प्रश्नावली तयार झाली. तीत चिडचिड, सततचा थकवा, व्यसन, कामात स्वतःला बुडवून घेणं, हे सारं आहे. ती वाचली तेव्हा कुणीतरी माझंच वर्णन लिहून ठेवलंय असं वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची आकडेवारी सांगते, की जगात दर लाख स्त्रियांमागे ५.४ आत्महत्या होतात, तर दर लाख पुरुषांमागे १२.६. म्हणून हा विषय ‘बोला’ एवढ्यावर सोडून देऊ नका, असं मी कळकळीने सांगतोय.

मी ज्या पहिल्या समुपदेशकाकडे गेलो त्यांनी माझं अर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही घरातले कर्ते. तुम्हीच खचलात तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?” हे तर मी स्वतःला रोजच सांगत होतो. तिथून बाहेर पडल्यावर बरेच महिने मी या वाटेला गेलो नाही. असा एक अनुभव आला की थेरपी म्हणजे हेच, असं समजून कितीतरी पुरुष कायमचे मागे फिरत असणार. मला त्यांची फार काळजी वाटते. चप्पल चावली तर आपण दुसरी घेतो, चालणं सोडत नाही.

पुन्हा शोध सुरू केला तो आधी आमच्या डॉक्टरांकडून. त्यांनी थायरॉइड आणि साखर तपासली, घोरण्याबद्दल विचारलं. थकवा आणि चिडचिड कधीकधी शरीरातल्या बिघाडामुळेही असते, म्हणून ही पायरी गाळू नये. औषधं लागणार असतील तर मनोविकारतज्ज्ञ; ते डॉक्टरच असतात. बोलून उपचार करायचे तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. काहींना दोन्ही लागतं. पदवी आणि नोंदणी सरळ विचारावी. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो फोन. मी कागदावर लिहून घेतलं होतं आणि तेच वाचलं: “मला राग आवरत नाही, झोप लागत नाही, वडील गेल्यापासून हे वाढलंय. अशा पुरुषांबरोबर तुम्ही काम केलंय का? कोणत्या पद्धतीने करता? फरक पडतोय की नाही हे आपण कसं ठरवायचं?” एकांनी फक्त वेळ आणि फी सांगितली. दुसऱ्या बाईंनी थोडं थांबून विचारलं, “राग येतो तेव्हा शरीरात आधी कुठे कळतं?” मी म्हणालो, “जबड्यात.” आजही मी त्यांच्याकडेच जातो.

थेरपिस्ट पुरुषच हवा असं मलाही वाटायचं. ज्यांना लैंगिक तक्रारींबद्दल किंवा लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल बोलायचंय, त्यांनी स्वतःला सोपं जाईल ते बेधडक मागावं. पण उपचार लागू पडतील की नाही, हे समोरचा पुरुष आहे की स्त्री यावर ठरत नाही. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं होतं, की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे पोहोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. चार-पाच भेटींनंतर यातलं काहीच जुळलं नाही, तर तसं तोंडावर सांगावं आणि दुसरा माणूस शोधावा. न सांगता जाणं बंद करू नये. औषधांचंही तेच. नैराश्यावरच्या काही औषधांनी कामेच्छा कमी होते, लाजेपोटी पुरुष हे सांगत नाहीत आणि गोळ्या परस्पर बंद करतात. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर शोधाशोध करत बसू नका. घरातल्या एकाला तरी आत्ताच्या आत्ता सांगा, त्याला बरोबर घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच, की या विषयावरच्या प्रत्येक लेखाखाली एक चौकट द्या. कोण काय उपचार करतं, फोनवर काय विचारायचं, पहिल्या भेटीत काय होतं, सांगितलेलं कुठवर गुप्त राहतं आणि जिवाला धोका असेल तर ते का राहत नाही, एवढं तीत असू द्या. तज्ज्ञांना लेख लिहायला सांगाल तेव्हा वाचकांचे निनावी प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा. पुरुष प्रश्न पाठवतील, याची मला खात्री आहे.

माझं नाव मात्र छापू नये. ऑफिसात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि केव्हा सांगायचं ते मला ठरवायचंय.

आपला,
एक नियमित वाचक