शपथ झाली, आता फलकावर नाव लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

31 मेच्या जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त आमच्या कचेरीत झालेल्या शपथेचा फोटो आपल्या दैनिकात छापून आला. हात पुढे केलेले चाळीसेक कर्मचारी, त्यांत दुसऱ्या रांगेत कुठेतरी मीही आहे. गेल्या वर्षीच्या फोटोतही होतो. गेल्या वर्षी फोटोवाला कॅमेरा पिशवीत घालेपर्यंत आम्ही नऊ जण फाटकासमोरच्या टपरीवर पोचलो होतो आणि एकाच काडीवर तिघांनी पेटवली होती. यंदा आठ जण गेले, मी गेलो नाही. पण याचे श्रेय शपथेला देऊ नये म्हणून हे पत्र.

मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत लेखा शाखेत आहे. नोकरीची 26 वर्षे झाली आणि सिगारेटचीही तेवढीच, कारण पहिली सिगारेट रुजू झालो त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ भाऊसाहेबांनी हातात दिली होती. दिवसाला आठ धरा. 75,920 होतात, लीप वर्षांचे दिवस सोडून.

सोडण्याचे कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. गेल्या जुलैत लेखापरीक्षण पथक आले होते. त्यांना एका प्रमाणकावर, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरवर, भोक सापडले, वाटाण्याएवढे, कडा तपकिरी, आणि नेमके रकमेतल्या एका आकड्यावर. ‘प्रमाणकावरील भोक कशाने पडले याचा खुलासा करावा’ असा आक्षेप निघाला. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभे राहून एका हातात सिगारेट, एका हातात बिले, अशी माझी सवय सगळ्या शाखेला माहीत. मी खुलासा लिहिला: उंदराने. तो मान्यही झाला. इतक्या वर्षांत पावणेदहाच्या कचेरीला उशिरा येऊन सही केली असेल, पण खोटा कागद कधी केला नव्हता. त्या रात्री देवपूरला घरी जाताना पांझरेच्या पुलावर गाडी थांबवून मी पेटवली, आणि तोंडात चवच लागली नाही.

श्रावणात गावी कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा सण, असतात. सगळी भाऊबंदकी जमते, घरात दोन-तीन दिवस पाय ठेवायला जागा नसते, आणि मी दरवर्षी गोठ्यामागे जाऊन ओढायचो. या वेळी कानबाईचे विसर्जन झाल्यावर बंद, असे ठरवले. कोणाला सांगितले नाही. नवस वगैरे काही नाही. नवस फेडायला लागतो, आणि माझी उधारी आधीच टपरीवर होती.

त्या उधारीचीच गोष्ट. आमचा टपरीवाला रिकाम्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्याच्या आतल्या बाजूला उधारी मांडतो. शेवटचा हिशोब चुकता करून पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, तर मागे छापलेले: आजच सोडा, 1800-11-2356. हा नंबर 2018 पासून पाकिटावर येतो म्हणतात. पाकिटाचे 85 टक्के अंग इशाऱ्याने आणि त्या भयंकर चित्राने भरायचे असते, हेही मला आता कळले. कळणार कसे? मी आयुष्यभर सुटी सिगारेट घेतली. सुटी सिगारेट विकायला आपल्या राज्यात 2020 पासून बंदी आहे, पण टपरीवर पाकीट सदा उघडेच. सुट्या सिगारेटवर ना चित्र, ना नंबर.

त्या नंबरवर मी जिन्यातूनच फोन लावला. मराठी बोलणाऱ्या एक ताई मिळाल्या. रागावतील असे वाटले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली? म्हटले, आंघोळीआधी. म्हणजे सवय पक्की. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र उपयोगी पडली: तलफ काही मिनिटांचीच असते, ती आली की घड्याळ बघा, पाणी प्या, उठून चाला, ती उतरते. पुढे त्यांचे फोनही येत राहिले. डॉक्टरांना विचारून 2 मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी सुरू केली. ती च्युइंगगमसारखी चावत बसायची नसते. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, आणि तोंडात असताना चहा घ्यायचा नाही. माझा गाल फुगलेला पाहून शाखेत बातमी पसरली की आप्पांनी सिगारेट सोडली आणि तंबाखू धरली. दोघांनी आपुलकीने चुन्याची डबी पुढे केली. यात हसण्यासारखे काही नाही. 2016-17च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे 3.8 टक्के आणि तंबाखू खाणारे 24.4 टक्के निघाले होते. आमच्या शाखेत तंबाखूचा बार भरणारे ओढणाऱ्यांपेक्षा दुप्पट आहेत, आणि त्यांना खुर्चीवरून उठावेही लागत नाही.

तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. झोप नाही, पोट साफ नाही, खोकला कमी होण्याऐवजी वाढलेला, आणि एका निवृत्त शिक्षकांवर मी त्यांच्या फरकाच्या बिलावरून विनाकारण ओरडलो. त्यांची माफी मागायची राहिली आहे. पंधरा दिवसांनी शरीराचे रडणे पुष्कळ कमी झाले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि तिचे नाव साडेअकरा. साडेअकराला ओढणारी अख्खी मंडळी उठून खाली लिंबाच्या झाडाखाली जाते. आमच्या कचेरीतले निम्मे निर्णय तिथेच होतात: कोणाची बदली, कोणाचे बिल अडकले, साहेबांचा आज मूड कसा, रजेचा अर्ज टाकावा की थांबावे. साहेबही कधीकधी येतात. तिथे त्यांनी मान हलवली की तीन टेबलांचे काम होते. मी खाली जाणे बंद केले आणि दोन महिन्यांत मला कळायला लागले की मला काहीच कळत नाही. डिसेंबरच्या पुरवणी मागणीची, म्हणजे वाढीव निधीची, बैठक झाल्याचे मला बैठकीनंतर समजले. शाखेतल्या एका मॅडमना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, ‘‘आप्पा, तुम्हाला आज कळलं. आम्ही अठरा वर्षं असंच शेवटी ऐकतोय. तुम्ही रोज तासभर खाली असता त्याला कामानिमित्त म्हणायचं, आणि आम्ही दहा मिनिटं जागेवर नसलो की कुठे गेल्या होत्या, असं विचारायचं.’’

घरी येऊन मी आकडा काढला. कचेरीत पाच सिगारेटी, दोन मजले उतरून चढायचे धरून प्रत्येकीला बारा मिनिटे, म्हणजे दिवसाला एक तास. वर्षाला 250 दिवस कामाचे धरले तर 250 तास. आठ तासांचा दिवस धरून 31 दिवस. महिन्याभराहून जास्तीचा पगार मला दरवर्षी धूर सोडण्याबद्दल मिळत होता. यावर मात्र एकाही पथकाने आक्षेप घेतला नाही.

जानेवारीत मी पडलो. एका सहकाऱ्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. आसोद्याची वांगी आणली होती, तुरीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. वांगी भाजली जात होती आणि सगळा धूर माझ्याच बाजूला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी सगळ्यांमध्ये बसलो होतो, सगळ्यांना आनंद झाला होता, आणि एकाने पाकीट पुढे करून म्हटले, ‘‘एकमा काय व्हस, आप्पा?’’ एकात काय होते ते मला दुसऱ्या दिवशी कळले. सहा ओढल्या. टपरीवाल्याने नवा पुठ्ठा फाडला आणि हसून विचारले, ‘‘कोठे व्हतात इतला दिन?’’ त्याचे हसणे अगदी मनापासून होते. बारा दिवस मी पुन्हा जुना माणूस झालो. बैठकांच्या बातम्या वेळेवर मिळायला लागल्या. मग पुठ्ठा उलटा करून पुन्हा तोच नंबर लावला. त्या ताई म्हणाल्या, बहुतेकांना एकाहून जास्त वेळा सोडावी लागते. त्याला आता चार महिने होऊन गेले.

आता मुद्द्याचे. सिगारेट आणि तंबाखूचा कायदा 2003चा. 2 ऑक्टोबर 2008पासूनच्या नियमांप्रमाणे कचेरी हे धूम्रपानबंदीचे ठिकाण आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. प्रवेशद्वारावर 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक हवा आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव त्यावर हवे. आत राखदाणी ठेवायची नाही. आमच्याकडे जिन्यात वनस्पती तुपाचा डबा वाळू भरून ठेवलेला आहे, रोज सकाळी शिपाई तो रिकामा करतो. फलक आहे, मापाचा आहे, रंगही बरा आहे. त्यावर ‘तक्रार यांच्याकडे करावी’ याच्यापुढची जागा कोरी होती. तिथे कोणीतरी बॉलपेनने ‘देवाकडे’ असे लिहिले होते, ते कित्येक वर्षे तसेच राहिले.

दरवर्षी फोटोसाठी जी अर्धी सकाळ जाते तिच्या बदल्यात मला एवढेच मागायचे आहे की तिथे खरोखर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहावे, तुपाचा डबा उचलावा, आणि साडेअकरा व चारला सर्वांना दहा मिनिटे मोकळी द्यावीत. पाण्याच्या कूलरजवळ एक बाकडे टाकावे. तिथे चहा मागवावा, साहेबांनीही यावे, बदल्यांच्या गप्पा माराव्यात. ओढणाऱ्याला सुटी मिळते आणि सोडणाऱ्याला खुर्ची, हा हिशोब जोवर असा आहे तोवर सोडणारा मळ्यात भरीत खायला जाणार आणि परत येताना पाकीट घेऊनच येणार. मला माझ्याच तोंडाची खात्री नाही.

मी अर्ज केला आहे, आवक क्रमांक पडला आहे. तोपर्यंत ‘देवाकडे’ खोडून त्या जागी मी पेन्सिलीने माझे स्वतःचे नाव लिहिले. तसा मला अधिकार नाही, हे माहीत आहे. आजवर दोन तक्रारी आल्या. एक पंखा बंद असल्याची, आणि दुसरी जिन्यात धूर येतो अशी, ती तोंडी, त्याच मॅडमकडून. दुसरी मी साहेबांपुढे ठेवली आहे. ते त्या वेळी जिन्यात होते.

कृपया पत्राखाली माझे नाव छापू नये. ज्यांना हवे त्यांनी फलकावर पाहावे.

आपला,
एक वाचक, देवपूर, धुळे